भिंतीआडचा गारठा

दोरीच्या टोकाला लोखंडाचं वजन बांधून गवंडी भिंत सरळ उभी आहे की नाही ते बघतो, त्या वजनाला ओळंबा म्हणतात. ह्या माणसालाही सगळे ओळंबाच म्हणायचे. एक तर तो उंच, सडसडीत आणि जमिनीकडे बघत चालणारा. दुसरं म्हणजे त्याचं बोलणं. तुमचा दरवाजा वाकडा असेल तर चहाचा कप हातात घ्यायच्या आधी तो सांगणार, दरवाजा वाकडा आहे. मग चहा मिळाला तर मिळाला.

तीस वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या भिंती बांधल्या. शाळेच्या, दवाखान्याच्या, एका तुरुंगाच्यासुद्धा. स्वतःच्या घराला त्याचा हात कधी लागला नव्हता, कारण घरातून तो बाविसाव्या वर्षीच निघून गेला होता. घराची एक लहानशी द्राक्षबाग होती, डोंगराच्या उतारावर, वाइनच्या द्राक्षांची. बाप हयात होता आणि थोरला भाऊ बापाच्या शब्दाबाहेर नव्हता. एका हिवाळ्यात धाकट्यानं छाटणी केली ती चुकली, अर्धी ओळ वांझ गेली. बाप म्हणाला, "तुझा हात मेलेला आहे. वेलीला लावू नकोस." थोरला भाऊ शेजारी उभा होता, तो काही बोलला नाही. ओळंब्यानं पिशवी भरली आणि तो चालता झाला. बापाचं बोलणं त्यानं विसरायचा प्रयत्न तरी केला, भावाचं गप्प राहणं मात्र तो कधीच विसरला नाही.

थोरला भाऊ गेला तेव्हा ओळंबा त्रेपन्न वर्षांचा होता. तीन दिवसांसाठी म्हणून आला. चौथ्या दिवशी सकाळी वहिनी मागच्या दाराशी रबरी बूट चढवत होत्या. वाकून बूट ओढताना त्यांच्या तोंडून "आई गं" निघालं, तशाच त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

"कुठे निघालात?" ओळंब्यानं विचारलं.

"माती वर न्यायला. अजून कुठे जाणार मी?"

ही माती वर न्यायची भानगड समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. बाग तीव्र उतारावर. माथ्याला मातीचा थर जेमतेम वीतभर, खाली चुनखडीचा फुटका दगड. तिथल्या वेलींच्या मुळ्या दगडाच्या फटींतून पाणी शोधत खोल जातात. वेल राहते खुरटी, मणी वाटाण्याएवढे, साल जाड, पण रस असा कडक की जिभेला चिमटा बसावा. उताराच्या पायथ्याशी गोष्ट उलटी. वरून वाहून आलेली काळसर माती तिथं कमरेएवढी साचलेली, ओल धरून ठेवणारी. तिथले मणी गुबगुबीत आणि रसाळ. त्या घरची वाइन दोन्हींच्या मिसळीतून व्हायची. आता उतार म्हटला की पाऊस माती खाली नेणारच. बागेच्या पायथ्याच्याही खाली एक खोल चर होता, तिथं ती जाऊन पडायची. दर हिवाळ्यात घरातली माणसं चरात उतरून माती पाट्यांत भरायची आणि पाठीवर टाकून पुन्हा माथ्याला पसरायची. पुढच्या वर्षी पाऊस ती परत खाली आणायचा. हे शंभर वर्षं चाललं होतं आणि कुणालाच त्यात काही विचित्र वाटत नव्हतं.

वहिनींनी ते पस्तीस वर्षं केलं होतं. डॉक्टरांनी पाठीचा फोटो काढून उजेडासमोर धरला होता आणि विचारलं होतं, "तुम्ही हमाली करता का?" वहिनी म्हणाल्या होत्या, "नाही हो, घरचीच बाग आहे."

ओळंब्यानं त्या दिवशी पाटी उचलली, आणि तो राहिला. कुणी राहा म्हटलं नाही, त्यानं राहतो म्हटलं नाही. आठवड्यानं वहिनींनी त्याच्या खोलीतल्या खिडकीची फुटकी काच बदलून घेतली, तेवढंच.

वेलीचं काम त्याला वहिनींनी शिकवलं. काडीवर जे बारीक फुगीर टेंगूळ असतं, ज्यातून पुढं पालवी आणि घड येतात, त्याला डोळा म्हणतात. वहिनी कात्री त्याच्या हातात द्यायच्या आणि मागे उभ्या राहायच्या. "दोन डोळे ठेवा, भाऊजी. तिसरा ठेवला तर तो मोह." पहिल्या दिवशी एकेका काडीला त्यानं पाव तास लावला. तुरुंगाच्या भिंतीतल्या दगडालाही इतका वेळ लागला नव्हता. वसंतात त्यानं छाटलेल्या ओळीला डोळे फुटले तेव्हा तो रोज सकाळी जाऊन ते मोजायचा आणि कुणी येताना दिसलं की बुटाची नाडी बांधायला लागायचा. बुटाला नाडी नव्हती.

घरात तिसरी होती पुतणी. तळघरातली पिंपं, आंबवणं, चाखणं हा तिचा कारभार. तोंडाची फटकळ. काकावर गेली आहे असं लोक म्हणायचे आणि दोघांनाही ते आवडायचं.

दुसऱ्या हिवाळ्यात ओळंब्याच्या डोक्यात भिंत आली. बागेचा पायथा आणि चर यांच्या मधे दगडी भिंत घातली तर माती चरात पडणारच नाही. ती भिंतीशी अडेल, तिथूनच वर नेता येईल, अर्धी चढण वाचेल, आणि ती सगळ्यांत वाईट चढण. वहिनींची पाठ वाचेल हे तो म्हणाला नाही. तो म्हणाला, "दगड पडलेत फुकट, काहीतरी करू."

भिंत मात्र त्यानं अशी बांधली की बघणाऱ्यानं बोटं घालावीत तोंडात. एका टोकाला डोंगराचा खडक, दुसऱ्या टोकाला हत्यारांच्या शेडची भिंत, मधे साठ पावलं सलग. दगडाला दगड घासून बसवलेला, सांध्यात सिमेंट, सुई जायला जागा नाही. खाली पाणी जायला भोकं ठेवली, तीही खडीनं भरलेली, म्हणजे पाणी जाईल पण माती जाणार नाही. सहा आठवडे लागले. वहिनी रोज दुपारी जेवायला हाक मारायला यायच्या आणि थोडा वेळ उभ्या राहायच्या. शेवटच्या दिवशी त्यांनी भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तुमच्या दादांना दाखवायला हवी होती." ओळंबा शेडमागे गेला आणि बराच वेळ हत्यारं धूत बसला.

माती अडली. वहिनी चरात उतरल्या नाहीत. आणि त्या वसंतात खालच्या तीन ओळी जळाल्या.

जळाल्या म्हणजे आग लागली असं नव्हे. डोळे फुटून कोवळी पालवी आली की एखाद्या पहाटे कडाक्याचा गारठा पडतो, पानावरचं दव गोठतं आणि ऊन चढलं की पालवी काळी पडून लोंबते. वेल मरत नाही, पण त्या वर्षी घड धरत नाही, आणि वर्षामागून वर्ष असं झालं की खंगत जाते. पूर्वी असं दहा-बारा वर्षांतून एकदा व्हायचं. पुतणी म्हणाली, "हवाच बदललीये. हिवाळा लवकर संपतो, डोळे लवकर फुटतात आणि मग थंडी छत्री विसरलेल्या पाहुण्यासारखी परत येते." ते खरंच होतं. सगळ्या मुलखात लोक तेच म्हणत होते, त्यामुळे दुसरं काही शोधायची गरज कुणाला वाटली नाही.

पुढच्या हिवाळ्यात ओळंब्याला भिंत थोडी बुटकी वाटायला लागली. कामाला ती पुरेशी होती, पण लांबून बघताना नजरेला ठेंगणी दिसायची. त्यानं आणखी दोन थर चढवले. आता भिंत खांद्याला लागली आणि छान दिसू लागली. त्या वसंतात पाच ओळी जळाल्या.

पुतणीनं छाटणी उशिरा करून पाहिली. तिनं वर आणि खाली थर्मामीटर टांगले. खाली तीन अंश कमी निघाले. "थंडी खाली बसतेच, काका. खड्डा आहे तो." त्यापुढं तीही गेली नाही. तिचं मन तळघरात होतं. खालच्या द्राक्षांशिवाय वाइन बिघडत चालली होती. "नुसती वरची म्हणजे हेडमास्तरीण," ती म्हणायची. "हुशार आहे, पण जवळ बसवत नाही."

भिंतीनंतरच्या तिसऱ्या वसंतात, पुन्हा पाच ओळी गेल्या त्या सकाळी, ओळंबा पायथ्याशी उभा होता. पहिली ओळ शेंड्यापर्यंत काळी. दुसरीचे फक्त शेंडे हिरवे. तिसरी अर्धी. पाचवीची तर फक्त खालची पालवी गेलेली, गुडघ्याच्या वर हिरवीगार. शेतकऱ्याला यात नुकसान दिसलं असतं. ओळंब्याला एक रेष दिसली. काळं जिथं संपत होतं आणि हिरवं जिथं सुरू होत होतं ती रेष, पहिल्या ओळीपासून पाचव्या ओळीपर्यंत. जमीन चढत होती, रेष चढत नव्हती.

तीस वर्षांत त्यानं हजारो वेळा अशी रेष स्वतःच्या हातानं आखली होती. तो शेडमध्ये गेला आणि लेव्हलची नळी घेऊन आला. पारदर्शक लांब नळी, आत पाणी. दोन्ही टोकं वर धरली की पाणी दोन्हीकडे एका पातळीला उभं राहतं, मग मधे डोंगर असो की दरी. एक टोक त्यानं भिंतीच्या माथ्याला बांधलं, पाणी बरोबर वरच्या थराशी आणलं आणि दुसरं टोक घेऊन पाचव्या ओळीत गेला. पाणी हललं, डुललं आणि थांबलं. त्याच्या वर हिरवी पालवी होती, खाली काळी. चौथ्या ओळीत तेच. तिसऱ्या ओळीत तेच, बोटाचाही फरक नाही.

गार हवा जड असते, ती पाण्यासारखी उतारानं खाली वाहते. शंभर वर्षं ती ह्या डोंगरावरून घसरत येऊन चरात पडत होती आणि पुढं निघून जात होती. आता तिच्या वाटेत साठ पावलांची, सुई न जाणारी भिंत होती. पहाटे ती तिथं तुंबायची, काठोकाठ. आणि ओळंब्यानं दोन थर चढवून तळं मोठं करून दिलं होतं.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते असं. त्यानं नळीतलं पाणी ओतून दिलं, नळी गुंडाळली आणि घरी जाऊन सांगितलं, "पाच ओळी गेल्या." त्यापुढं काही नाही.

आता हा तोच माणूस, ज्यानं एका वकिलाला त्याच्या वास्तुशांतीच्या दिवशी सांगितलं होतं की जिना चुकलाय. स्वतःवर आलं तेव्हा त्याची जीभ टाळूला चिकटली. वाईट इतकंच की त्याला ते कळत होतं. सगळा उन्हाळा तो ते पोटात घेऊन फिरला. कधी वाटायचं आज सांगू. मग वहिनी भिंतीच्या कडेनं हात मागे बांधून ताठ चालताना दिसायच्या आणि तो उद्यावर ढकलायचा. ते मेलेल्या हाताचं बोलणं त्याला पुन्हा रोज ऐकू यायला लागलं. ह्या वेळी बापाचं म्हणणं खरं होतं, असं त्याला वाटायचं. घराला म्हणून एकदाच हात लावला आणि घराच्या सगळ्यांत जुन्या वेली मारल्या.

द्राक्षं उतरवून झाली. एका संध्याकाळी जेवताना वहिनी म्हणाल्या, "खालच्या पाच ओळी काढून टाकायच्या ठरवल्यात मी. सोमवारी ट्रॅक्टरवाला येतोय."

पुतणीच्या हातातला चमचा थांबला. "आई, साठ वर्षांच्या वेली आहेत त्या."

"म्हणूनच. थकल्यात. तिथं गवत वाढू दे."

"आणि वाइन?"

"वेगळी होईल. लोकांना सवय होते."

ओळंबा ताटात बघत होता. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं नाही, भाजी वाढली आणि विषय बदलला. त्याला कळेना, ज्या बाईनं त्याला तिसरा डोळा मोह म्हणून शिकवलं, ती अख्ख्या पाच ओळींवर इतक्या सहज पाणी कशी सोडते.

रविवारी सकाळी, दोघी उठून चहा करत होत्या तेव्हा, खालून घणाचा आवाज आला.

वहिनी पोचल्या तोवर त्यानं भिंतीच्या मधोमध दरवाजाएवढं खिंडार पाडलं होतं. चांगली बांधलेली भिंत पाडणं बांधण्याहून अवघड असतं, आणि ही फारच चांगली बांधलेली होती. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. हाताला रक्त होतं.

"भाऊजी, हे काय चाललंय?"

"ट्रॅक्टरवाल्याला नको म्हणून सांगा." त्यानं घण खाली ठेवला नाही. "वेली थकलेल्या नाहीत. मी मारल्या. गारठा भिंतीला अडतो. नळी लावून बघितलंय मी, वसंतातच. तेव्हापासून माहीत आहे मला आणि मी गप्प बसलो. गुडघ्याइतकी ठेवतो, माती अडायला तेवढी पुरते, आणि मधे खिंडारं. झालं. बोला काय बोलायचं ते."

तो बोलण्याची वाट बघत उभा राहिला, पस्तीस वर्षांपूर्वी उभा होता तसा. वहिनींनी पदराच्या टोकानं त्याचा हात पुसला, जखम किती आहे ते बघितलं आणि सोडला.

"दोन थर चढवलेत तेव्हा दोन ओळी जास्त गेल्या," त्या म्हणाल्या. "मला नळी लागत नाही, भाऊजी. मी ह्या उतारावर जवळजवळ चाळीस वर्षं पहाटे उभी राहिलेय. वारा कुठून निघतो आणि कुठं जातो ते माझ्या घोट्यांना कळतं."

ओळंब्याला आधी ते समजलंच नाही. मग समजलं. "म्हणजे दीड वर्ष..."

"हो."

"मग बोलला का नाहीत? आणि वेली कशाला काढायला निघालात?"

वहिनी खिंडारातून पलीकडच्या चराकडे बघत राहिल्या. "ह्या घरात तुमच्या एका चुकीवर बोलणारे बोलले आणि गप्प बसणारे गप्प बसले, आणि तुम्ही एकतीस वर्षं आला नाहीत. हे शेवटी रोज दारात खुर्ची टाकून बसायचे. रस्त्यावर उंच माणूस दिसला की उठून उभे राहायचे." वाटेत पडलेली दगडाची एक कपची त्यांनी पायानं बाजूला सारली. "वेली परत लावता येतात. भिंत चुकली म्हटलं असतं, तर तुम्ही राहिला असता का?"

त्यानं घण खाली ठेवला. दादा खुर्ची टाकून बसायचा हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो पडलेल्या दगडांच्या ढिगावर बसला आणि रडला, अगदी उघड, बाहीनं नाक पुसत. वहिनी शेजारी उभ्या राहिल्या. वरून पुतणीची हाक आली, चहा गार होतोय म्हणून.

"खरं सांगू?" शेवटी तो म्हणाला. "बहुतेक नसतो राहिलो."

"ते मला माहीत होतं."

"आता राहीन."

"आता कुठं जाताय? एवढे दगड कोण उचलणार?" असं म्हणून वहिनींनी पदर खोचला आणि एक दगड उचलायला त्या वाकल्या. तो ओरडला, "पाठ! वहिनी, पाठ!" आणि त्यानं दगड त्यांच्या हातातून काढून घेतला. त्या म्हणाल्या, "बरं, मग मी ट्रॅक्टरवाल्याला फोन करते," आणि हळूहळू, एका हातानं कंबर धरून, जळक्या ओळींमधून घराकडे चढू लागल्या.